फुगा, मधमाशी आणि रंगरावांचा उजवा पाय

मिरजेत रंगराव काशिदांच्या पोटऱ्या ज्यानं पाहिल्या नाहीत, त्यानं कृष्णेच्या खोऱ्याचा भूगोल आपल्याला येतो असं म्हणू नये. डाव्या पोटरीवर कृष्णा होती आणि तिला वारणा येऊन मिळत होती. उजवीवर तर घोट्यापासून मांडीपर्यंत शिरांचं असं निळं, फुगीर जाळं पसरलं होतं, की भूगोलाचे एक निवृत्त मास्तर दाढीला आले की आधी रंगरावांना विजार गुडघ्याच्या वर सरकवायला लावत आणि "ही येरळा, ही अग्रणी" असं बोट ठेवून बाकीच्या गिऱ्हाइकांना दाखवत. एका श्रावणात धरणाचं पाणी सोडणार अशी आवई उठली, तेव्हा नदीवर न जाता रंगरावांच्या पोटऱ्या बघून निर्धास्त घरी गेलेली माणसंही गावात आहेत.

कारण साधं होतं. हा माणूस सेहेचाळीस वर्षं उभा होता. गिऱ्हाईक बसलेलं आणि रंगराव खुर्चीमागे उभे, हातात कात्री आणि तोंडात गोष्ट. गोष्टही एकच, शूटिंगची. दुकानाचं नावच 'शूटिंग हेअर सलून'. अठ्ठावीस वर्षांमागे रंगराव तीन महिने मिरजेतून गायब झाले होते, ते परतले थेट एका ऐतिहासिक सिनेमाच्या शूटिंगहून. तिथं त्यांनी सैनिकांच्या दाढ्या केल्या होत्या. पहिल्या वर्षी त्या दाढ्या साठ होत्या. पुढे दीडशे झाल्या. आता सन दोन हजार एकेचाळीस उजाडेपर्यंत त्या तीनशेवर गेल्या होत्या, आणि सगळे सैनिक चालत्या घोड्यावर बसलेले होते, कारण दिग्दर्शकाला थांबायला वेळ नव्हता. एकाच्याही गालाला ओरखडा नाही. घोड्यांनाही नाही.

पण गेल्या वर्षापासून दुपार कलली की पाय शिशाचे व्हायचे. घोट्यापाशी कातडी काळी पडली होती, खाज सुटायची. परवा तर एका हेडमास्तरांचं अर्धं डोकं झालं आणि रंगरावांना उभं राहवेना. उरलेलं अर्धं दुसऱ्या दिवशी झालं. मधल्या वेळेत हेडमास्तरांनी शाळेत टोपी घालून झेंडावंदन उरकलं.

"असंच चाललं तर दिवाळीपर्यंत दुकानाला कुलूप लागंल," शालनबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "पाय दाखवा कुणाला तरी."

"दाखवतोय की. मास्तर रोज बघत्यात."

"मास्तर न्हवं. डॉक्टर."

 रंगरावांनाही भीती होती ती तीच. उभं राहता आलं नाही तर गोष्ट सांगायची कुठून? बसून सांगितलेल्या गोष्टीत घोडा पळत नाही.

आता पायाचं शास्त्र. हृदय वर, पाय खाली. रक्त खाली यायला वेळ लागत नाही, पण परत वर चढायला त्याला आधार लागतो. म्हणून पायांच्या शिरांत ठिकठिकाणी झडपा असतात, विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो तशा. चालताना पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं, आणि झडप मिटली की ते खाली येत नाही. माणूस वर्षानुवर्षं नुसता उभा राहिला की झडपा ढिल्या पडतात, रक्त मागे उतरतं, शीर फुगते, वाकडीतिकडी होते. त्यावर उपाय असा की बिघडलेल्या शिरेत सुईनं औषधाचा फेस सोडायचा. फेसानं शिरेच्या भिंती चिकटतात, शीर बंद पडते, हळूहळू विरघळून जाते, आणि रक्त आपलं शेजारच्या धडधाकट शिरेनं वर जातं. फेसाचं काम म्हटल्यावर रंगरावांना हे शास्त्र एका दमात पटलं.

हा उपाय जुनाच. नवी होती ती मधमाशी. काडेपेटीएवढं यंत्र. पायावर ठेवलं की सहा बारीक पाय रोवून बसायचं, कातडीतून एक लालसर उजेड सोडायचा, त्या उजेडात शीर काळ्या दोरीसारखी दिसली की आपणच केसाएवढी सुई खुपसून फेस सोडायचं आणि पुढच्या शिरेवर चालत जायचं. हात थरथरणं नाही, नेम चुकणं नाही. डॉक्टरांच्या हातातलं कसब यंत्रात उतरलं, आणि मग जे व्हायचं तेच झालं. तीन वर्षांत मधमाश्या व्यायामशाळांत आल्या, ब्यूटी पार्लरमध्ये आल्या, झेरॉक्सच्या दुकानात आल्या. सरकारनं नियम केला की नोंदणी झालेल्या डॉक्टरचा अंगठा लागल्याशिवाय मधमाशी जागी होणार नाही. मग लोकांनी अंगठे मिळवले. एके काळी लिहिता न येणारा अंगठा द्यायचा, आता सगळं शिकून झालेला द्यायला लागला.

"आमच्या अधिकनं पण आणलीय मधमाशी," शालनबाईंनी शेवटी मनातलं काढलंच. "दोन आठवडं झालं. घरचा माणूस सोडून कुठं जाताय?"

अधिकराव म्हणजे शालनबाईंचा धाकटा भाऊ. त्याचा फोटो स्टुडिओ होता, आणि पाटीवर आता 'अधिक फोटो अँड मधमाशी' असं लिहिलेलं होतं.

"घरचा म्हणून बघायचं न्हाई," रंगराव म्हणाले. "वस्तरा कुणाच्या हातात द्यायचा ते आमच्यात एकाच गोष्टीवर ठरतं."

"कशावर?"

"फुग्यावर."

काशिदांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हीच परीक्षा होती. फुगा तट्ट फुगवायचा, त्याला साबणाचा फेस फासायचा आणि उघड्या वस्तऱ्यानं तो साफ करायचा. फुगा फुटला नाही तर माणसाच्या गालाला हात लावायचा. रंगरावांच्या वडिलांनी त्यांच्याकडून एकशेचार फुगे फोडून घेतले होते.

सोमवारी दुकान बंद. रंगरावांनी पिशवीत फुगे, ब्रश, साबण आणि वस्तरा भरला आणि डॉक्टर बघायला निघाले. शालनबाई नऊवारी नेसल्या, भाच्याला मुलगी बघायला जाताना नेसतात तशी, आणि त्याही निघाल्या.

पहिलं ठिकाण सांगलीतलं. सगळं काचेचं, थंडगार. स्वागताला बसलेल्या बाईंनी हसून विचारलं, "काय त्रास आहे सर?"

"त्रास नंतर. डॉक्टरांचा हात बघायचा हाय."

"हात लागत नाही सर आमच्याकडे. सगळं ऑटोमॅटिक आहे. डॉक्टर त्या भिंतीवर आहेत."

भिंतीवर खरंच डॉक्टर होते, हसरे, टाय लावलेले, कुठल्या तरी दुसऱ्याच शहरात बसलेले. रंगरावांनी फुगा त्यांच्यासमोर धरला. डॉक्टर पाच सेकंद फुग्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावर एक चक्र गरगर फिरू लागलं.

"नेट गेलंय," बाई म्हणाल्या.

"अवो, चला," शालनबाई कुजबुजल्या. "ह्यांचं तर डोकंच फिरायलंय."

दुसरं ठिकाण अधिकरावांचं. स्टुडिओत मागच्या पडद्यावर तळं, हंस आणि डोंगर रंगवलेले होते, आणि पडद्यापुढच्या ज्या खुर्चीत पूर्वी नवरानवरी बसायची तिथं आता पाय वर करून पेशंट बसायचे. काम झालं की अधिकराव सवयीनं "जरा हसा" म्हणायचे.

"दाजी! या, या!" त्यांनी रंगरावांना मिठीच मारली. "ताई, किती वाळलीस गं!" शालनबाई मुळीच वाळलेल्या नव्हत्या, पण त्यांना बरं वाटलं.

रंगरावांनी फुगा पुढे केला. अधिकरावांनी वस्तरा हातात घेतला, बोटांत फिरवून धार बघितली, आणि जिभेचं टोक बाहेर काढून सुरुवात केली. पंचवीस वर्षं पासपोर्टचे फोटो ब्लेडनं कापलेला हात तो. वस्तरा असा सरकला की फुग्यालाही कळलं नसेल. फेस संपला. फुगा आरशासारखा चमकला, आणि त्यात रंगरावांना आपलाच आ वासलेला चेहरा दिसला.

"अधिक," त्यांच्या तोंडून निघालं, "तू आमच्या घरात जन्माला यायला पाहिजे होतास रं."

शालनबाईंनी पदर सावरला. त्यांच्या चेहऱ्यावर साऱ्या माहेराचा विजय पसरला होता.

"मग शुक्रवारी सकाळी या दाजी. अंगठा हाय माझ्याकडं." अधिकरावांनी जर्द्याची डबी उघडली. आत कापसावर एक रबरी अंगठा ठेवलेला होता, अगदी खऱ्यासारखा, नखासकट. "लई मोठ्या डॉक्टरांचा हाय. कुरिअरनं आलाय."

रंगरावांना तो अंगठा बघून कसंसंच झालं, पण फुगा अजून चमकत होता.

तिसऱ्या ठिकाणी जायचं खरं तर कारण उरलं नव्हतं. पण ते घराच्या वाटेवरच होतं. युसूफभाई शिकलगारांच्या सतारीच्या कारखान्यावर, वरच्या मजल्यावर त्यांच्या लेकीनं, डॉक्टर शाहीननं, गेल्याच महिन्यात दवाखाना थाटला होता. रक्तवाहिन्यांचं शिक्षण घेऊन ती दिल्लीहून परतली होती. तिचे आजोबा रंगरावांच्या वडिलांच्या वस्तऱ्यांना धार लावून द्यायचे. लहानपणी तिच्या कपाळावरची झालर रंगरावांनीच कापलेली.

"रंगाकाका!" ती उठून उभी राहिली. "बसा. काकी, तुम्ही पण बसा."

"बसायचं न्हाई. परीक्षा घ्यायला आलोय." रंगरावांनी पिशवीतलं सामान टेबलावर मांडलं.

शाहीननं फुग्याकडे बघितलं, वस्तऱ्याकडे बघितलं. "परीक्षाच घ्यायची तर आधी हे बघा," असं म्हणत तिनं भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. "हा माझा नोंदणी क्रमांक. तुमच्या फोनवर टाका, माझं शिक्षण कुठं झालं, कशात झालं, सगळं दिसेल. कुणाकडेही गेलात तरी आधी हे विचारत जा. आता फुग्याचं. काका, हे मला येत नाही."

"करून तर बघ."

"येत नाही म्हणून सांगितलं की."

"शिकलगाराची पोर आणि वस्तऱ्याला भिती व्हय?"

तिनं वस्तरा उचलला. दुसऱ्याच फटक्याला असा आवाज झाला की खाली सतारीला तार चढवणारे युसूफभाई "या अल्ला!" म्हणून ओरडले. फेस उडाला तो शालनबाईंच्या नाकावर, रंगरावांच्या मिशीवर आणि त्या नोंदणी क्रमांकावर. शाहीन पोट धरून हसत सुटली. चौकट पुसताना मात्र तिनं हळूच म्हटलं, "आता आलाच आहात तर पाय दाखवा."

तिनं रंगरावांना बसवलं नाही, उभंच ठेवलं. "शिरा उभ्या माणसाच्या बघायच्या असतात," म्हणाली. मग पेनासारखी एक नळी काढून पोटरीला लावली. खोलीत आवाज घुमला, लांबून वारा यावा तसा. तिनं डावी पोटरी दाबली. सूंऽऽ करून रक्त वर गेलं. हात सोडला तसं भुस्स करून मागं आलं.

"ही झडप गेली. ही बरी करता येईल."

मग उजवा पाय. तिथं ती बराच वेळ थांबली. नळी मांडीवर लावली, गुडघ्याच्या मागे लावली. युसूफभाई सतारीचा नाद खुलवायला जवारी लावताना मान वाकडी करून ऐकायचे, तशीच तिची मान वाकडी झाली. वरच्या जाळ्यातून धो धो आवाज येत होता. खोलवर, जिथून तो यायला हवा होता, तिथं जवळजवळ काहीच नव्हतं.

"काका, हा पाय कधी मोडला होता?"

"छ्या."

"प्लास्टर? कधी महिनोन् महिने पडून राहिलात?"

"पडून?" रंगरावांनी मिशीवरचा फेस पुसला. "मी? अगं, मी शूटिंगला होतो..." आणि त्यांनी सुरू केलं. घोडे आले, दिग्दर्शक आले, तीनशे दाढ्या झाल्या. शाहीन ऐकत होती. मधे हसली नाही, थांबवलं नाही. गोष्ट संपली. ती तरीही त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. अठ्ठावीस वर्षांत रंगरावांची गोष्ट संपल्यावर एवढी शांतता कधी झाली नव्हती.

"उजव्या पायाला मी आज सुई लावणार नाही," ती शेवटी म्हणाली. "गुरुवारी या, खोल शिरांची पूर्ण तपासणी करू. तोवर कुणालाही लावू देऊ नका. आणि दुसरं काही आठवलं तर सांगा."

रंगराव जिना उतरले ते रागातच. "फुगा फोडती आणि वर म्हणती सुई लावणार न्हाई!"

"तरी सांगत हुते," शालनबाई म्हणाल्या. त्यांच्या नाकावर अजून थोडा फेस होता.

गुरुवार आला आणि गेला.

शुक्रवारी सकाळी स्टुडिओत शालनबाई नारळ घेऊन हजर. अधिकरावांनी नवा शर्ट घातलेला. रंगराव तळ्याच्या आणि हंसांच्या पुढ्यात उजवा पाय लांब करून बसले. मधमाशी पोटरीवर ठेवताच तिनं सहा पाय रोवले आणि रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारख्या गोड आवाजात विचारलं, "या पायाला पूर्वी दुखापत, प्लास्टर किंवा दीर्घकाळ अंथरूण?"

"नाही," अधिकराव ठसक्यात म्हणाले, आणि रंगरावांकडे बघून त्यांनी डोळा मारला. "अठ्ठावीस वर्षं झाली दाजी, शब्द पाळलाय का न्हाई?"

"खोल शिरांची तपासणी झाली आहे का?"

"होय," अधिकराव तितक्याच ठसक्यात म्हणाले.

"धन्यवाद. कृपया अंगठा ठेवा."

अधिकरावांनी डबी उघडली.

रंगराव त्या यंत्राकडे बघत होते. लाल उजेडात त्यांची येरळा काळीभोर दिसत होती. यंत्रानं विचारलं, माणसानं सांगितलं, यंत्रानं मानलं. संपलं. आणि सेहेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून रंगरावांनी एकदाही कात्री चालवली नव्हती. गिऱ्हाईक म्हणतं, इथनं बारीक करा. कारागीर काय करतो? हूं म्हणतो, आणि आधी डोक्यावरून हात फिरवून भोवरा शोधतो. स्वतःचा भोवरा कुणालाच दिसत नाही. विचारलं तर लोक खुशाल खोटं सांगतात, "मला न्हाईच." भोवऱ्यावर कात्री चालली की महिनाभर केस उभे.

त्या पोरीनं त्यांच्या पायाचा भोवरा शोधला होता. मान वाकडी करून.

रबरी अंगठा यंत्रापासून बोटभर अंतरावर आला होता.

"थांब!" रंगराव एवढ्यानं ओरडले की अधिकरावांच्या हातून अंगठा निसटला आणि पडद्यावरच्या तळ्याला आपटून खाली पडला. "काढ ती माशी! हिला भोवरा दिसत न्हाई!"

"कसला भोवरा दाजी?"

"चल माझ्यासंगं. तू पण चल. साक्षीला लागशील."

अर्ध्या तासात तिघंही शाहीनच्या जिन्यावर. शालनबाईंच्या हातात नारळ तसाच. रंगराव टेबलावर आडवे झाले, छताकडे बघत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत म्हणाले, "शूटिंग न्हवतं."

"बरं," शाहीन म्हणाली.

"ह्या अधिकच्या वरातीत नाचत हुतो. नागीण. रुमाल दातात धरून. बँडवाल्यानं सूर वर नेला तसा मी पण अंग मागं टाकलं, आणि मागं गटार हुतं. पाय मोडला. सासरवाडीत तीन महिनं प्लास्टरमधी पडून. पाय असा सुजला हुता की प्लास्टर काचायचं. सगळे म्हणाले, प्लास्टर घट्ट बसलंय. गिऱ्हाइकांना काय सांगायचं? गटारात पडलो?" त्यांचा आवाज आणखी खाली आला. "ह्याला आणि हिला शपथ घातली हुती मी. ह्यानं आज मशीनसमोर पण ती पाळली."

अधिकराव मान खाली घालून उभे होते.

शाहीननं पडद्यावर मोठी तपासणी लावली. पाऊण तास तिचा हात रंगरावांच्या पायावरून इंच इंच सरकत होता. मग तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

"प्लास्टर घट्ट नव्हतं काका. तेव्हा तुमच्या पायातल्या खोलवरच्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती शीर तेव्हापासून जवळजवळ बंद आहे. असं समजा, घाटात दरड कोसळली आणि हमरस्ता बंद झाला. मग सगळ्या गाड्या कुठून जाणार?"

"आतल्या गावातनं," अधिकराव म्हणाले.

"हां. ही जी येरळा, अग्रणी मास्तर दाखवतात ना, ते गावातले रस्ते आहेत. दिसायला वाईट, खड्डे, धूळ. पण अठ्ठावीस वर्षं सगळी वाहतूक तेच ओढतायत. मधमाशीला कातडीखालचं बोटभर दिसतं. तिला वाटतं, काय हा घाण रस्ता, करा बंद. आज तो बंद झाला असता तर रक्ताला वर जायला वाटच उरली नसती. पाय किती दिवसांत कामातून गेला असता ते मी सांगत नाही, नारळ घेऊन आलाय तुम्ही."

 खालून एक तार छेडल्याचा आवाज आला, जरा उतरलेला, मग जुळलेला.

अधिकराव मटकन् स्टुलावर बसले. "अकरा जणांना लावली मी," ते म्हणाले. "अकरा जणांना. मला वाटलं, हात साफ असला की झालं."

"नावं आहेत?"

"फोटो हायत. सगळ्यांचे. हसताना."

"आजच बोलवा सगळ्यांना." शाहीननं टाळी मागितल्यासारखा हात पुढे केला. "आणि तो अंगठा द्या इकडे."

अकराच्या अकरा आले. देवाची कृपा म्हणा नाहीतर नशीब म्हणा, अकराही सुखरूप निघाले. एका काकूंची शीर तर इतकी सुरेख बंद झाली होती की शाहीननं अधिकरावांकडे बघून भुवई उंचावली. रबरी अंगठा डबीसकट वैद्यकीय परिषदेकडे गेला, सोबत अधिकरावांनी स्वतःच्या सहीचा कबुलीजबाब जोडला. शालनबाई दोन दिवस भावाशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी पुरणपोळ्या घेऊन गेल्या.

मग रंगरावांच्या डाव्या पायाचा दिवस आला. मधमाशी आता शाहीनची होती, अधिकरावांच्या मधमाशीची बहीण शोभावी अशी, पण मुकी. एक प्रश्न विचारत नव्हती. प्रश्न सगळे शाहीननं विचारून झाले होते. पडद्यावर खोलवरची शीर बघत तिनं स्वतःचा जिवंत अंगठा टेकवला. मुंगी चावल्यासारखं झालं, फेस आत गेला, आणि वारणा रंगरावांच्या डोळ्यांदेखत मावळली.

"झालं?"

"झालं. आता हा घट्ट मोजा घाला आणि अर्धा तास चाला. उजव्या पायालाही मोजा, रोज, आंघोळ सोडून कायम. आणि उभं राहायचं ते वीस मिनिटं. मग बसायचं, उजवा पाय वर."

"बसायचं?" रंगरावांचा चेहरा पडला. "दुकानात? कारागीर?"

"वीस मिनिटांत एक डोकं होतंच की. पाय राहील, दुकान राहील. पण बसायचं."

चालता चालता रंगरावांना एक गोष्ट टोचत होती. जिन्याशी ते थांबले. "शाहीन बेटा, खरं सांग. त्या दिवशी मी शूटिंगचं सांगितलं तवा तू हसली न्हाईस. तुला ठाऊक हुतं?"

शाहीननं ओठ दाबले. "ऐकलं होतं काहीतरी."

"मग मला कशाला बोलायला लावलंस?"

"ऐकीव गोष्टीवर मी सुई लावत नाही काका."

मंगळवारी दुकान उघडलं तेव्हा तिळाएवढी जागा नव्हती. भूगोलाचे मास्तर, हेडमास्तर, युसूफभाई, सगळे. डाव्या पायावरची कृष्णा-वारणा आटली ही बातमी गावभर झाली होती आणि मास्तर हळहळत होते. अधिकरावही कोपऱ्यात होते. आता ते शाहीनच्या दवाखान्यात मोजे बसवायला आणि आधीचे-नंतरचे फोटो काढायला जात, आणि दर मोज्याला "जरा हसा" म्हणत.

रंगरावांनी युसूफभाईंच्या गालाला फेस लावला. मग ब्रश खाली ठेवला.

"मंडळी, एक सांगायचं हाय."  "शूटिंगबिटिंग काही न्हवतं. मी अधिकच्या वरातीत नागीण करताना गटारात पडलो हुतो."

 मग फेसाच्या आतून युसूफभाई म्हणाले, "हां. मग?"

"मग काय? अठ्ठावीस वर्षं थापा मारल्या."

"रंगराव, त्या वरातीचा बँड कुठला होता?"

रंगराव आठवू लागले. त्यांचा हात हवेतच थांबला.

"मिरजेचा," मागून एक म्हातारा आवाज आला. "क्लॅरिनेट मी वाजवत हुतो. सूर मीच वर न्हेला."

"गटारातनं काढलं कुणी?" दुसरा म्हणाला. "ढोलवाला मी."

"दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला माहीत होतं," हेडमास्तर म्हणाले. "माझ्या वर्गातल्या पोरांना पण."

रंगराव भिंतीला टेकले. "आणि तरी रोज ऐकायला येत हुता?"

"थापा नाहीत तर काय दाढीला येतो होय?" मास्तर वैतागले. "आता सांगा पुढचं. गेल्या खेपेला हत्ती आला होता. हत्तीचं अर्धवट ठेवलंत."

रंगरावांचे डोळे भरून आले की हसू फुटलं, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं झाली होती. युसूफभाई गालावर फेस तसाच ठेवून गुपचूप खुर्चीतून उठले. ढोलवाल्यानं रंगरावांचा खांदा धरून त्यांना खुर्चीत बसवलं, क्लॅरिनेटवाल्यानं स्टूल पुढे ओढलं, आणि मास्तरांनी दोन्ही हातांनी, पुराच्या पाण्यातून नकाशा उचलावा तसा, उजवा पाय त्यावर ठेवला.

मिरजेत त्या दिवशी पहिल्यांदाच कारागीर बसलेला होता आणि सगळी गिऱ्हाइकं उभी होती.

"तर," रंगरावांनी मिशीला पीळ दिला, "हत्ती आला. हत्तीवर राजा. आणि राजा म्हणतो, रंगराव, माझी तर कराच, पण ह्या हत्तीची पण राहिलीय..."